वाचकांचे प्रश्न : हेडसेट आणि आपले दोन डोळे

व्हीआर (डोळ्यांसमोर पूर्ण आभासी जग दाखवणारे) आणि एआर (खऱ्या जगावर चित्र चढवणारे) हेडसेटबद्दल आलेल्या पत्रांत तक्रारी साधारण सारख्याच आहेत: डोळे जड होतात, कपाळ ठणकतं, मळमळतं, अक्षरं दोन दिसतात. ‘हळूहळू सवय होईल’ हा सल्ला बहुतेकांना मिळालेला दिसतो. आम्हाला तो पटत नाही. डोळा तक्रार करतो तेव्हा कुठलं तरी माप चुकलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते शोधून काढता येतं. माप चुकलेलं ठेवून सवय लावून घेऊ नका.

प्रश्न : लांबचं दृश्य पाहताना काहीच त्रास होत नाही. पण हेडसेटमधली वस्तू हातात घेऊन चेहऱ्याजवळ आणली की ती धूसर होते, कधी दोन दिसतात आणि अर्ध्या तासात भुवयांच्या मध्ये दुखू लागतं. हेडसेट बिघडलाय का?

नाही. हा सगळ्याच साध्या हेडसेटचा मूळ दोष आहे.

आधी हेडसेटशिवाय एक करून पाहा. तर्जनी डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरा आणि तिच्या मागे दोन मीटरवर भिंतीवरचं कॅलेंडर असू द्या. बोटाकडे पाहिलंत की कॅलेंडर दोन दिसतं, आणि ते धूसरही होतं. कॅलेंडरकडे पाहिलंत की बोटाचं तसंच होतं. म्हणजे डोळे एका वेळी दोन कामं करतात. दोन्ही बुबुळं आत वळतात, आणि डोळ्यातलं भिंग फुगून त्याच अंतरावर फोकस धरतं. मेंदूत ही दोन कामं एकमेकांना जोडलेली आहेत. एक झालं की दुसरं आपसूक होतं.

हेडसेटमध्ये ही जोडी तुटते. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला तरी भिंगांमुळे त्याची प्रतिमा एका ठरावीक अंतरावर जाऊन बसते. बऱ्याच हेडसेटमध्ये ते अंतर १.३ ते २ मीटरच्या दरम्यान असतं. तुम्ही वस्तू ३० सेंटिमीटरवर आणता, डोळे तिच्यासाठी सुमारे १२ अंश आत वळतात, पण प्रकाश येत असतो १.३ मीटरवरून आल्यासारखा. वळलेले डोळे फोकसला जवळ ओढतात, त्यामुळे चित्र धूसर होतं. चित्र स्पष्ट करायला फोकस मागे जातो, तसे डोळेही बाहेर वळू पाहतात आणि एकाची दोन दिसतात. ही ओढाताण तासभर चालली तर कपाळ दुखणारच.

किती फरक चालतो, हे डायऑप्टरमध्ये मोजणं सोपं. मीटरमधल्या अंतराने १ ला भागायचं, एवढंच. प्रतिमा १.३ मीटरवर असेल तर ०.७७ डायऑप्टर. वस्तू ३० सेंटिमीटरवर असेल तर ३.३३. फरक अडीचच्या वर गेला. बराच वेळ पाहायचं असेल तर हा फरक अर्ध्या डायऑप्टरच्या आत ठेवावा, असा ढोबळ नियम धरून चाला. त्या हिशेबाने १.३ मीटरच्या हेडसेटमध्ये सुमारे ८० सेंटिमीटर ते ३.७ मीटर हा आरामाचा पट्टा. प्रतिमा २ मीटरवर असेल तर तो १ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत जातो.

तुमचा त्रास याच कारणाने आहे का, हे दहा सेकंदांत कळतं. धूसर दिसणारी जवळची वस्तू तशीच धरा आणि एक डोळा मिटा. क्षणभरात ती स्पष्ट झाली, ओढ गेली, तर कारण हेच. एका डोळ्याला आत वळायची सक्ती नसते, त्यामुळे फोकस मोकळेपणाने प्रतिमेवर जाऊन बसतो. एक डोळा मिटूनही धूसरच राहिली, तर चष्म्याचा नंबर किंवा हेडसेटची बसणी तपासा. त्याबद्दल खाली आहेच.

उपाय म्हणजे वाचायची, पाहायची पॅनेलं हाताच्या अंतरापलीकडे, मीटर-दीड मीटरवर ढकलून मोठी करा. वस्तू क्षणभर डोळ्यांजवळ आणायला हरकत नाही. तिथेच धरून दहा मिनिटं निरखू नका. आणि जवळ-लांब, जवळ-लांब अशी सतत उडी मारायला लावणारे खेळ सर्वांत जास्त थकवतात.

प्रश्न : डोळ्यांमधलं अंतर घरी कसं मोजायचं? माझ्या हेडसेटला ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच खटके आहेत.

मोजायचं असतं ते डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मध्यांतलं अंतर. प्रौढांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण ५५ किंवा ७२ असणारी माणसंही असतात. म्हणून सरासरीवर विसंबू नका.

मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी घ्या. चांगल्या उजेडात आरशापासून सुमारे २० सेंटिमीटरवर सरळ उभे राहा आणि पट्टी भुवयांना टेकवून आडवी धरा. उजवा डोळा मिटा. डाव्या डोळ्याने आरशातल्या डाव्याच बाहुलीकडे पाहत पट्टीचा शून्य तिच्या मध्यावर आणा. आता डोकं आणि पट्टी जराही न हलवता डावा मिटा, उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावर कोणता आकडा येतो तो वाचा. तीनदा मोजा. तिन्ही आकडे मिलिमीटरभराच्या आत आले तर सरासरी धरा. नाही आले तर पट्टी हलतेय. आरसा यासाठी की प्रत्येक डोळा स्वतःच्याच प्रतिबिंबाकडे पाहत असल्याने नजर समोर सरळ जाते. दुसऱ्याने समोर बसून मोजलं आणि तुम्ही त्याच्या नाकाकडे पाहत राहिलात, तर डोळे आत वळतात आणि माप तीन-चार मिलिमीटरने कमी येतं. चष्म्याच्या कागदावर ‘पीडी’ लिहिलेला असेल तर तो लांबचा घ्या, वाचनाचा नको.

तीन खटक्यांच्या हेडसेटमध्ये जवळचा खटका निवडा. ६५-६६ च्या मध्ये अडकलात तर ६३ आणि ६८ दोन्हींवर बारीक मजकूर वाचून पाहा. ज्यावर अक्षरांच्या कडेला लाल-निळी झालर कमी दिसेल तो तुमचा. माप चुकलं की डोळा भिंगाच्या स्वच्छ मध्यभागातून सरकतो आणि सगळंच किंचित मऊ दिसतं. शिवाय सॉफ्टवेअर दोन चित्रं ज्या अंतराने काढतं ते तुमच्या खऱ्या अंतरापेक्षा जास्त असलं, तर जग खेळण्यातल्यासारखं लहान वाटू लागतं.

पण आडव्या मापाइतकंच उभं बसणंही महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे फार थोडे लोक पाहतात. समोर मजकुराचं पान ठेवा आणि हेडसेट हाताने धरून दोन-तीन मिलिमीटर वर, दोन-तीन खाली असा सरकवा. वरची आणि खालची ओळ सारखीच स्पष्ट दिसेल तिथे थांबा. तसाच धरून ठेवून आधी डोक्यावरून जाणारा पट्टा ओढा, मग बाजूचे. वजन वरच्या पट्ट्याने पेलायचं. बाजूचे पट्टे हेडसेट घसरू नये एवढ्यापुरते. वजन गालांवर आलं की दहा मिनिटांत हेडसेट खाली उतरतो आणि ‘सुरुवातीला छान दिसत होतं’ ही तक्रार सुरू होते.

शेवटची तपासणी. हेडसेटमध्ये लांबची एखादी आडवी सरळ रेषा पाहा आणि डोळे आळीपाळीने मिटा. रेषा वर-खाली उडी मारते का? डोळे आत बरेच अंश वळतात, पण एक वर आणि एक खाली असं त्यांना जवळजवळ जमतच नाही. उंचीतला अगदी बारीक फरकही डोकं दुखवतो. उडी दिसली तर हेडसेट तिरका बसलाय का ते पाहून पुन्हा घाला. तरीही दिसली, तर हेडसेट काढून खऱ्या खिडकीच्या आडव्या कडेकडे तसंच करून पाहा. तिथे रेषा स्थिर असेल तर दोष यंत्रात आहे, ते दुरुस्तीला द्या. तिथेही उडी मारत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझा लांबचा नंबर उणे २.५ आहे, थोडा सिलिंडरही (डोळ्याच्या असमान वक्रतेचा नंबर) आहे. आईला चाळिशीचा +२ चष्मा आहे. हेडसेट घालताना चष्मा ठेवायचा की काढायचा?

तुम्ही ठेवायचा, आईंनी काढायचा.

पडदा डोळ्याला चिकटून आहे म्हणजे ‘जवळचं पाहणं’ झालं, असं वाटतं. पण प्रतिमा १.३ ते २ मीटरवर आहे, आणि डोळ्याला तेवढंच कळतं. उणे २.५ चा डोळा चष्म्याशिवाय ४० सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट पाहतो, त्यामुळे तुम्हाला लांबचा चष्मा हवाच. ज्यांचा नंबर उणे ०.७५ पर्यंत आहे त्यांना १.३ मीटरच्या हेडसेटमध्ये चष्मा नसला तरी चालून जातं. कारण त्यांची स्पष्ट नजर नेमकी तिथवर पोचते.

आईंचं उलट. वाचनाचा +२ चष्मा लावला की त्यांची स्पष्ट नजर अर्ध्या मीटरवरच अडते. त्यापुढचं सगळं धूसर. लांबचा नंबर नसेल तर त्यांनी उघड्या डोळ्यांनी हेडसेट घालावा. गंमत अशी की हेडसेटमधलं पुस्तक त्यांनी अगदी ३५ सेंटिमीटरवर धरलं तरी ते चष्म्याशिवाय स्पष्ट दिसेल. प्रकाश येतोय १.३ मीटरवरूनच. पहिल्या प्रश्नातली ओढाताणही चाळिशीनंतर कमी होते, कारण डोळ्यातलं भिंग ताठर झालेलं असतं, ते ओढलं जातच नाही. साठीच्या पुढे मात्र १.३ मीटरलासुद्धा थोडी मदत लागू शकते. तेव्हा लांबच्या नंबरात सुमारे +०.७५ मिळवून एकाच नंबरची काच करून घ्यावी.

प्रोग्रेसिव्ह चष्मा हेडसेटमध्ये वापरू नका. त्याचा खालचा भाग वाचनाचा असतो. हेडसेटमध्ये नजर खाली गेली तरी प्रतिमा आहे तिथेच राहते, त्यामुळे खालचं अर्धं जग धुरकट होतं.

चष्म्यासकट घालायचं तर सोबत मिळणारी जागा वाढवणारी कड आधी बसवा. हेडसेट घातल्यावर बोटाने हलकेच आत दाबा. ‘टिक’ असा आवाज आला तर काच भिंगाला टेकते आहे, आणि एका आठवड्यात दोन्हींवर ओरखडे पडतील. घालताना पुढचा भाग आधी डोळ्यांवर ठेवा, मग पट्टा मागे न्या. काढताना आधी पट्टा.

रोज वापर असेल तर हेडसेटमध्ये बसणाऱ्या नंबरच्या काचा करून घेणं सर्वांत चांगलं. लांबचा पूर्ण नंबर, सिलिंडर आणि त्याचा अक्ष, आणि बाहुल्यांचं अंतर, हे सगळं द्या. अंतर चुकलं तर काच प्रिझमसारखी वागते. उणे ५ ची काच ३ मिलिमीटर सरकली तर दीड प्रिझम डायऑप्टर, म्हणजे एक मीटरवर दीड सेंटिमीटर चित्र सरकलं. डावी-उजवी काच अदलाबदल झाली तर सिलिंडरचा अक्षही चुकतो. म्हणून बसवल्यावर एकेक डोळा मिटून तपासा.

प्रश्न : बसून केलेल्या खेळांत काही होत नाही, पण चालण्या-पळण्याच्या खेळात पाच मिनिटांत घाम फुटतो आणि मळमळतं.

डोळे सांगतात ‘आपण चाललोय’, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो ‘आपण उभे आहोत’. या विसंगतीतून मळमळ येते. ती नेटाने सहन करू नका. एक-दोनदा जोराची मळमळ झाली की पुढे हेडसेट हातात घेतल्यावरच मळमळू लागतं, आणि ती गाठ सुटायला बराच काळ जातो. पहिला घाम, पहिली जांभई, तोंडात पाणी सुटणं, यांपैकी काहीही जाणवताच थांबायचं.

सेटिंगमध्ये हे बदल करा. सरकत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेण्याचा पर्याय घ्या. वळणं सलग नकोत, ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांची ठेवा. चालताना कडेचं दृश्य झाकून टाकणारी काळी चौकट असेल तर ती पूर्ण जोरावर ठेवा, कारण गतीचा भास मुख्यतः नजरेच्या कडेकडून होतो. फिरत्या खुर्चीत बसून वळण खरंखुरं शरीराने घेतलंत तर आणखी उत्तम. तोंडावर पंख्याचा वारा असू द्या, बऱ्याच जणांना त्याने फरक पडतो. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, मग वाढवा. त्रास नसला तरी अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटांची सुटी हवी. आणि डोकं हलकं वाटत असेल तर ते जाईपर्यंत गाडी चालवू नका.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी मिळून एक व्हीआर ॲप बनवतोय. मान वळवली की दृश्य ‘ओढल्यासारखं’ दिसतं आणि जवळून जाणाऱ्या वस्तू जोडीने दिसतात. रिझोल्यूशन वाढवूनही फरक नाही.

रिझोल्यूशन वाढवून हे बहुधा आणखी बिघडलं असेल. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र दिसताहेत, त्या आधी वेगळ्या करू.

ओढल्यासारखं दिसणं हे पडदा किती वेळ उजळलेला राहतो यावर आहे. मान सेकंदाला १०० अंशांनी वळतेय असं धरा. हा काही फार मोठा वेग नव्हे. मान वळते तेव्हा डोळे आपोआप उलट फिरून समोरच्या वस्तूवर खिळून राहतात. पण पडद्यावरचा पिक्सेल डोक्याबरोबर फिरत असतो. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं (फ्रेम) दाखवताना, एक फ्रेम ११.१ मिलिसेकंदांची. पडदा तेवढा पूर्ण वेळ उजळला, तर चित्र डोळ्याच्या पडद्यावर १.१ अंश घासत जातं. एका अंशात २० पिक्सेल असलेल्या हेडसेटमध्ये हा २२ पिक्सेलांचा फराटा झाला. म्हणून चांगले हेडसेट प्रत्येक फ्रेममध्ये पडदा सुमारे २ मिलिसेकंद उजळवून उरलेला वेळ काळा ठेवतात. फराटा चार पिक्सेलांवर येतो. हे तुमच्या हातात नाही, पण विकासासाठी फोन-खोक्याचा स्वस्त हेडसेट वापरत असाल तर तो दोष त्याचा आहे, ॲपचा नाही.

जोडीने दिसणं मात्र तुमचंच. ॲपला वेळेत फ्रेम देता येत नाही, तेव्हा यंत्रणा जुनीच फ्रेम डोक्याच्या नव्या दिशेप्रमाणे सरकवून पुन्हा दाखवते. त्यामुळे स्थिर जग स्थिर राहतं. पण हलणारी वस्तू दोनदा एकाच जागी दिसते, आणि तिचा पाठलाग करणाऱ्या डोळ्याला तिच्या दोन प्रती भासतात. फ्रेमचा वेळ मोजा. ७२ हर्ट्झला १३.९ मिलिसेकंद, ९० ला ११.१, १२० ला ८.३ एवढंच बजेट आहे, आणि त्यातला थोडा यंत्रणेला सोडावा लागतो. कापाकापी करताना आधी एकावर एक येणारे पारदर्शक थर आणि रिअल-टाइम सावल्या काढा. मग कडेच्या भागाचं रेंडरिंग कमी करा. ४-एक्स मल्टिसॅम्पलिंग (कडा गुळगुळीत करणारी पद्धत) शक्यतो ठेवा, नाहीतर बारीक कडा लुकलुकतात आणि तेही डोळ्याला टोचतं. ९० आणि ६० च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या ॲपपेक्षा ठाम ७२ वर चालणारं ॲप डोळ्यांना कितीतरी बरं.

आणखी दोन गोष्टी. नवा भाग लोड होताना चित्र गोठू देऊ नका. डोक्याबरोबर चिकटून फिरणारं गोठलेलं चित्र दोन सेकंदही सहन होत नाही. तेवढ्या वेळेला साधी, पण डोक्याचा मागोवा घेणारी रिकामी खोली दाखवा. आणि मजकूर दृश्यात रंगवू नका, कंपोझिटरच्या (सगळे थर जुळवून शेवटचं चित्र बनवणाऱ्या यंत्रणेच्या) स्वतंत्र थरावर द्या. दृश्यातला मजकूर आधी तुमच्या बफरमध्ये आणि मग भिंगाच्या दुरुस्तीत असा दोनदा नमुना घेऊन मऊ होतो, स्वतंत्र थरातला एकदाच.

प्रश्न : यंत्रदुरुस्तीच्या सूचना पारदर्शक एआर चष्म्यात मराठीत दाखवायच्या आहेत. हातातल्या सुट्या भागाशेजारीच मजकूर ठेवला, पण कामगार म्हणतात वाचता येत नाही.

कामगारांचं बरोबर आहे. हातातला भाग ४० सेंटिमीटरवर, म्हणजे २.५ डायऑप्टर. चष्म्यातली प्रतिमा बहुधा २ मीटरवर, म्हणजे ०.५. मजकूर तुम्ही भागाशेजारी ‘ठेवला’ असला तरी डोळ्यातलं भिंग एका वेळी एकावरच बसतं. स्क्रू दिसतो तेव्हा अक्षर धूसर, अक्षर दिसतं तेव्हा स्क्रू. व्हीआरमध्ये सगळंच एका अंतरावर असतं, इथे खरी वस्तू स्पर्धेला उभी आहे, म्हणून हा त्रास एआरमध्ये जास्त बोचतो.

भागावर फक्त जाड बाण किंवा कडेची रेघ ठेवा, ती थोडी धूसर दिसली तरी काम भागतं. वाचायचा मजकूर समोर दीड-दोन मीटरवरच्या पॅनेलवर, नजरेच्या पातळीच्या १० ते २० अंश खाली न्या. नजर आरामात तिथेच पडते. पॅनेल डोक्याला घट्ट चिकटवू नका. मान वळल्यावर ते सावकाश मागून यावं. २ मीटरवर प्रतिमा असलेल्या आपल्या होलोलेन्स या एआर हेडसेटसाठी मायक्रोसॉफ्टने आशय १.२५ ते ५ मीटरमध्ये ठेवायला आणि ४० सेंटिमीटरच्या आत आला की विरवून टाकायला सांगितलं होतं. तुमचा चष्मा कोणताही असो, हे आकडे सुरुवातीला चांगले आहेत.

रेघ भागावर नेमकी बसत नसेल तर विलंब तपासा. डोकं सेकंदाला ५० अंशांनी हललं आणि चित्र २० मिलिसेकंद मागे राहिलं, तर एका अंशाची चूक झाली. ४० सेंटिमीटरवर ती ७ मिलिमीटर होते, म्हणजे बाण शेजारच्या स्क्रूवर. व्हीआरमध्ये चालणारा विलंब पारदर्शक चष्म्यात चालत नाही, कारण खरं जग विलंबाशिवाय समोर असतं.

रंगांचं लक्षात ठेवा: असा चष्मा प्रकाश फक्त मिळवू शकतो, काळा रंग दाखवू शकत नाही. काळं म्हणजे पारदर्शक. म्हणून पांढऱ्यावर काळी अक्षरं नकोत, गडद पाटीवर फिकट अक्षरं घ्या.

आता अक्षराचा आकार. एक मीटरवर २४ मिलिमीटर उंची, त्याच प्रमाणात दोन मीटरवर ४८, असं धरा. हा नियम रोमन लिपीवर बेतलेला आहे. देवनागरीत शिरोरेघेपासून पायापर्यंतची उंची तेवढी ठेवा, वेलांट्या-उकार त्याच्या बाहेर. अंशाला २० पिक्सेल असतील तर अक्षराला सुमारे २७ पिक्सेल मिळतात आणि अनुस्वाराच्या टिंबाला चार-पाच. आकार अर्धा केलात की टिंबाला दोनच पिक्सेल उरतात, डोकं हललं की ते लुकलुकतं आणि नाहीसं होतं. मग ‘गंज काढा’ आणि ‘गज काढा’ यांत फरक राहत नाही. घ-ध, भ-म या जोड्याही अशाच आधी मोडतात. फॉन्ट मध्यम जाडीचा घ्या, बारीक रेघांचा नको, आणि ओळींत दीडपट अंतर ठेवा. म्हणजे खालच्या ओळीचे रफार वरच्या ओळीच्या उकारांना भिडत नाहीत.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे, एक डोळा आळशी आहे. हेडसेट दिला तर चालेल का?

खेळण्यासाठी सध्या देऊ नका. मेटाने आपल्या हेडसेटसाठीचं किमान वय २०२३ मध्ये १३ वरून १० केलं, सोनीचं १२ आहे. लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर बऱ्याच हेडसेटच्या किमान मापापेक्षा कमी असतं, त्यामुळे नीट बसवणंच शक्य होत नाही. आळशी डोळ्यात मेंदू एका डोळ्याचं चित्र दाबून टाकतो, म्हणून तिला हेडसेटमधला जवळ-लांबचा फरक बहुधा नीट जाणवणारही नाही. याच दोषावर हेडसेटमधून उपचारही होतात. दोन डोळ्यांना मुद्दाम वेगवेगळं केलेलं चित्र दाखवणाऱ्या एका उपचाराला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रक संस्थेने २०२१ मध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. पण ते औषध आहे, मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

प्रश्न : फोकसचा हा दोष कायमचा दूर करणारे हेडसेट का येत नाहीत?

दोष जुना आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारं उपकरण, मांडला तेव्हापासूनचा. उपायांचे नमुनेही झालेत. फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) ‘हाफ डोम’ या २०१८ मधल्या नमुन्यात डोळे कुठे वळलेत ते टिपून पडदाच पुढे-मागे सरकवला जाई. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत द्रवस्फटिकाची सहा पातळ भिंगं होती. प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे ६४ वेगवेगळी फोकस-अंतरं. २०१८ च्याच मॅजिक लीप वन या एआर हेडसेटमध्ये दोन फोकस-पातळ्या विक्रीच्या यंत्रात होत्या.

अडचण भिंगापेक्षा नजर टिपण्यात आहे. डोळा किती आत वळला हे थोडं चुकलं तरी फोकस भलत्या अंतरावर जातो, आणि चुकीचा बदलता फोकस स्थिर फोकसपेक्षा वाईट. पापण्यांची केसं, चष्म्यावरची चमक, कपाळावरून घसरलेला हेडसेट, सगळ्यांनी टिपण बिघडतं. शिवाय फोकस बदलला की प्रतिमा किंचित लहान-मोठी होते, तिचा वाकडेपणा दर फ्रेमला नव्याने दुरुस्त करावा लागतो, आणि नजर नसलेल्या अंतरावरच्या वस्तू मुद्दाम धूसर काढाव्या लागतात. तोवर जवळचा आशय दीड मीटरवर ढकलणं हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि ॲप बनवणाऱ्यांनी तो पाळला पाहिजे.

प्रश्न : भिंगांवर वाफ धरते. स्पिरिटने पुसलं तर चालेल?

नाही. भिंगं प्लॅस्टिकची असतात, स्पिरिटने वरचा थर जातो आणि कायमचा धुरकटपणा येतो. फुंकणीने धूळ उडवा, मग कोरड्या मायक्रोफायबरने मध्यापासून बाहेर गोल पुसा. वाफ धरते कारण चेहरा गरम आणि भिंग थंड असतं. हेडसेट पाच-दहा मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या, मग घाला. उन्हात किंवा खिडकीत मात्र कधी ठेवू नका. भिंग ऊन एकवटतं आणि थोड्याच वेळात पडद्यावर जळका ठिपका पडतो. तो दुरुस्त होत नाही.